नवी नर्स, पीबीएलची पदवी आणि वॉर्डाचं मत : एक प्रकरण अभ्यास

कॅनडातल्या ओंटॅरियो प्रांतातलं एक मध्यम आकाराचं रुग्णालय, आणि त्यातला सर्जिकल वॉर्ड. बहुतेक रुग्ण पोटाच्या शस्त्रक्रियांचे, काही छातीच्या. मी या वॉर्डाची मॅनेजर. नर्सची निवड करणं, ओरिएंटेशन लावून देणं, प्रोबेशननंतर कायम करायचं की नाही ते ठरवणं, ही माझी कामं. माझं स्वतःचं नर्सिंगचं शिक्षण महाराष्ट्रात झालं आणि नोकरीचा मोठा काळ इथे गेला.

हे प्रकरण एका नव्या पदवीधर नर्सचं आहे. तिची चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग समस्याधारित शिक्षणाच्या, म्हणजे पीबीएलच्या पद्धतीने झालेली होती. सहाव्या आठवड्यात तिच्याविषयीचे दोन अभिप्राय माझ्या टेबलावर आले. एकात ‘संथ, स्वतंत्रपणे रुग्ण सांभाळायला तयार नाही’ असं होतं. दुसऱ्यात ‘इतक्या लवकर इतका पक्का क्लिनिकल विचार मी क्वचित पाहिला आहे’ असं होतं. दोन्ही लिहिणाऱ्या नर्स अनुभवी आणि दोघींच्या शब्दावर माझा विश्वास. रुग्णालय, विद्यापीठ आणि माणसं यांची नावं मुद्दाम टाळली आहेत, आणि रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पीबीएल म्हणजे काय शिकून आलेली नर्स

महाराष्ट्रात शिकलेल्या वाचकांसाठी हे थोडं सांगायला हवं. आपल्याकडे लेक्चर, नोट्स, मग डेमॉन्स्ट्रेशन रूममध्ये प्रोसीजर, त्याचं रिटर्न डेमॉन्स्ट्रेशन (शिकवणाऱ्यासमोर ते स्वतः करून दाखवणं), वॉर्डात पोस्टिंग आणि शेवटी व्हायवा, हा क्रम ठरलेला होता. कॅथेटरायझेशनचा, म्हणजे लघवीची नळी घालण्याचा, ट्रे कसा लावायचा हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. त्या रुग्णाला कॅथेटर का हवा आहे, हे मात्र फारसं कोणी विचारत नसे.

पीबीएलची सुरुवात ओंटॅरियोतल्याच हॅमिल्टन शहरात झाली. मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत १९६९ साली २० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली आणि त्यांना विषयवार लेक्चर देण्याऐवजी रुग्णाची समस्या आधी दिली गेली. जॉन एव्हन्स हे त्या शाळेचे संस्थापक डीन. पुढे १९७४ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या वैद्यकीय शाळेने ही पद्धत उचलली आणि तिला सात पायऱ्यांचं नेटकं रूप दिलं. नर्सिंगच्या शाळांनीही ती घेतली. वर्गात आठ-दहा जणांचा गट बसतो. समोर कागदावर एक रुग्ण असतो. आपल्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते कोण शोधून आणणार, हे गटाने ठरवायचं. ट्युटर बसलेला असतो, पण तो शिकवत नाही, प्रश्न विचारतो. पुढच्या बैठकीत प्रत्येकाने शोधलेलं मांडायचं आणि पुन्हा त्याच रुग्णाकडे यायचं.

अशी चार वर्षं काढलेली मुलगी वॉर्डात येते तेव्हा तिच्या तोंडी पहिला शब्द ‘का’ असतो.

नेमणूक

मुलाखतीला आम्ही तिघी होतो : मी, वॉर्डातल्या नर्सच्या प्रशिक्षणाचं बघणारी एज्युकेटर आणि आमची सर्वांत ज्येष्ठ चार्ज नर्स, म्हणजे शिफ्टची इन-चार्ज. प्रश्न नेहमीचा होता. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री रुग्णाचं ब्लड प्रेशर ८८/५० आहे, काय कराल? त्या दिवशीच्या बाकीच्या उमेदवारांनी धडाधड यादी सांगितली : पाय वर, ऑक्सिजन, डॉक्टरांना फोन, आय.व्ही. फ्लुइड. हिने आधी विचारलं, सकाळपासूनचे आकडे काय होते? ड्रेसिंग आणि ड्रेनमध्ये काय दिसतंय? एपिड्युरल, म्हणजे पाठीतल्या नळीतून दिलेलं वेदनाशामक, चालू आहे का? आणि मग प्रत्येक उत्तरानुसार तिची पुढची कृती वेगळी होती.

एज्युकेटरला हे फार आवडलं. चार्ज नर्सने तिच्या कागदावर लिहिलं, ‘सरळ उत्तर येत नाही.’ तिच्या बाजूने बघितलं तर तेही समजण्यासारखं होतं. ती डिप्लोमाच्या काळातली नर्स. ओंटॅरियोत रजिस्टर्ड नर्स होण्यासाठी पदवी सक्तीची झाली ती २००५ पासून. त्याआधी डिप्लोमाच्या मुली वॉर्डातच हात घासून तयार व्हायच्या आणि पहिल्या दिवसापासून उपयोगी पडायच्या. रात्री एका नर्सकडे पाच रुग्ण असतात तेव्हा उपयोगी पडणं ही साधी गोष्ट नाही.

आम्ही तिला घेतलं. प्रांत सरकारने २००७ मध्ये नव्या पदवीधर नर्सना पूर्ण वेळ नोकरीची हमी देणारी योजना आणली होती. तिच्यात सुरुवातीच्या काळात नवी नर्स वॉर्डाच्या नेमून दिलेल्या संख्येत धरायची नसते, ती जास्तीची असते. या योजनेमुळे प्रिसेप्टरबरोबर, म्हणजे सोबत राहून शिकवणाऱ्या अनुभवी नर्सबरोबर, शिकायला तिला खराखुरा वेळ मिळणार होता. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला, कारण असा वेळ नसता तर ही नोंद सहाव्या आठवड्यातच संपली असती.

पहिले आठवडे

आमच्या ओरिएंटेशनचा फॉर्म म्हणजे कौशल्यांची यादी. नासोगॅस्ट्रिक ट्यूब घातली, आय.व्ही. लावली, पी.सी.ए. पंप (रुग्णाने बटण दाबून वेदनाशामक घ्यायचा) लावला, ड्रेन काढला, स्टोमाची पिशवी बदलली, समोर तारीख आणि सही. त्याच महिन्यात पारंपरिक पद्धतीच्या कार्यक्रमातून आलेली आणखी एक नवी नर्स आमच्याकडे रुजू झाली होती. तिच्या फॉर्मवर सह्या भराभर पडत होत्या. हिच्या फॉर्मवर रकाने रिकामे. पुरुष रुग्णाला कॅथेटर घालताना पहिल्या वेळी तिने प्रिसेप्टरला सोबत उभं राहायला सांगितलं. आय.व्ही.ला दोनदा टोचून मग दुसरीला बोलावलं. रात्री नऊची औषधं साडेदहापर्यंत चालायची. चार्टिंग शिफ्ट संपल्यावर पूर्ण व्हायचं.

शिवाय ती विचारायची. ऑर्डर आली की ती का आली हे तिला कळायला हवं असायचं. एका रुग्णाला आय.व्ही. पोटॅशियम ४० मिलिमोल देण्याची ऑर्डर होती. आदल्या दिवशीचं पोटॅशियम कमी होतं, त्यावरून लिहिलेली. तिने सकाळचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) पाहिलं, ते वाढलेलं. लघवी कमी. मूत्रपिंडं मंदावलेली असताना दिलेलं पोटॅशियम शरीरात साठून धोक्याचं ठरू शकतं. ती थांबली आणि तिने डॉक्टरांना फोन केला. नवी तपासणी होईपर्यंत ऑर्डर रोखली गेली. पण त्याच दिवशी तिने एका साध्या स्टूल सॉफ्टनरबद्दलही (शौच मऊ करणारं औषध) फार्मसीला फोन करून दहा मिनिटं घालवली होती. चार्ज नर्सचं म्हणणं असं की कुठे थांबायचं आणि कुठे पुढे जायचं हे तिला कळत नाही. पोटॅशियम आणि स्टूल सॉफ्टनर तिला सारखेच वाटतात. हे निरीक्षण अचूक होतं.

एक मोठं भगदाड पाचव्या आठवड्यात दिसलं. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेचा रुग्ण, छातीत ड्रेनची नळी, आणि वॉटर सीलच्या कप्प्यात बुडबुडे. हे बुडबुडे अपेक्षित आहेत की कुठे हवा गळते आहे, हे तिला सांगता येईना. वॉटर सीलचा कप्पा आणि सक्शनचा कप्पा यांतला फरकच तिला ठाऊक नव्हता. हार्ट फेल्युअर, डायबेटिस, सी.ओ.पी.डी. (फुप्फुसाचा जुनाट आजार) यांवर ती एखाद्या निवासी डॉक्टरच्या तोडीचं बोलायची. चेस्ट ट्यूबवर तिच्या गटाला कधी समस्याच आली नव्हती.

पीबीएलवरचा हा आक्षेप जुनाच आहे. मार्क अल्बानीज आणि सुझन मिचेल यांनी १९९३ साली वैद्यकीय शिक्षणातल्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा हे विद्यार्थी रुग्णाजवळच्या कामात चांगले किंवा बरोबरीचे दिसले, त्यांना शिकण्यात आनंदही जास्त होता, पण मूलभूत विज्ञानाच्या परीक्षांत काही ठिकाणी ते मागे पडत होते. गटाने जे खणलं ते खोल जातं, आणि जिथे कुदळ पडलीच नाही तिथली जमीन कोरी राहते. विद्यापीठं हे मान्य करायला कचरतात. पण नोकरी देणाऱ्याला ते वॉर्डात दिसतंच, त्यामुळे मोकळेपणाने आधीच सांगितलेलं बरं.

चौथ्या दिवसाची रात्र

त्याच पाचव्या आठवड्यातली ही रात्र. अडुसष्ट वर्षांचा रुग्ण, मोठ्या आतड्याचा भाग काढून टोकं जोडलेली, शस्त्रक्रियेनंतरचा चौथा दिवस. दुपारपर्यंत तब्येत ठीक, खुर्चीत बसून घरच्यांशी बोललेला. रात्री आठला ताप ३७.९, श्वास मिनिटाला २०, नाडी ९४, प्रेशर ११८/७०. अकराला श्वास २४, नाडी ९८, प्रेशर ११२/६८. कॅथेटर अजून होता, आणि शेवटच्या दोन तासांत लघवी ताशी २० मिलिलिटरच्या आसपास आली होती. मी कुठे आहे, असं त्याने तिला तीनदा विचारलं.

यातला एकेक आकडा सुटा घेतला तर रात्रीच्या गडबडीत कोणीही पुढे जाईल. नाडी शंभरच्या आत, प्रेशर नॉर्मल. तिने औषधांचा तक्ता पाहिला. रुग्ण घरी असल्यापासून मेटोप्रोलॉल, म्हणजे नाडी संथ ठेवणारं बीटा ब्लॉकर औषध, घेत होता आणि इथेही ते चालू होतं. बीटा ब्लॉकर असताना नाडी ९८ म्हणजे औषध नसतं तर किती असती, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला. श्वास २२ च्या वर आणि गोंधळलेपणा, म्हणजे सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव बिघडू लागण्याच्या) झटपट चाचणीतल्या तीन खुणांपैकी दोन. जोडलेलं आतडं, चौथा दिवस. पोटाला हात लावला तर ते सकाळपेक्षा ताठ.

तिने फोन केला आणि एस.बी.ए.आर.च्या क्रमाने सांगितलं : परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, मला काय हवंय. ऑन-कॉल निवासी डॉक्टरांनी सांगितलं, वय झालंय, रात्रीचा गोंधळ आणि वेदना असतील, लक्ष ठेवा. तिने ते चार्टमध्ये लिहिलं, प्रिसेप्टरला सांगितलं, वीस मिनिटांनी पुन्हा आकडे घेतले आणि पुन्हा फोन केला. या वेळी तिने लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडतोय का याची खूण देणारी रक्ततपासणी) मागितलं आणि रुग्णाजवळ येऊन बघा असं स्पष्ट म्हटलं. उत्तर समाधानकारक वाटेना, तेव्हा प्रिसेप्टरच्या पाठिंब्याने तिने क्रिटिकल केअर रिस्पॉन्स टीमला बोलावलं. लॅक्टेट ३.९ आलं, म्हणजे वाढलेलं. सी.टी.मध्ये आतड्याची जोडणी गळत असल्याचं दिसलं आणि पहाटेच्या आत रुग्ण पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये गेला. तो वाचला आणि यथावकाश घरी गेला.

आता त्याच रात्रीची दुसरी बाजू. ती या रुग्णाजवळ अडकली होती तेव्हा तिच्या दुसऱ्या खोलीतली एक वृद्ध बाई वेदनाशामक इंजेक्शनसाठी चाळीस मिनिटं थांबून होती. बेल वाजत होती. दुसऱ्या एका रुग्णाचं ड्रेसिंग राहिलं. हे सगळं चार्ज नर्सने स्वतःचं काम सोडून निस्तरलं. या दोन-तीन गोष्टी माझ्याऐवजी करशील का, असं या नव्या नर्सने कोणाला म्हटलं नव्हतं. मनातल्या मनात धावत राहिली.

म्हणजे सहाव्या आठवड्यातले दोन्ही अभिप्राय एकाच रात्रीवर आधारलेले होते. प्रिसेप्टरने एक खोली पाहिली होती, चार्ज नर्सने पाच.

मत कशावर बनतं

‘नोकरी देणाऱ्यांना पीबीएलच्या नर्स कशा वाटतात’ असं विचारताना नोकरी देणारी व्यक्ती एकच असल्यासारखं धरलं जातं. वॉर्डात तशी एक व्यक्ती नसते. चार्ज नर्सला आजची शिफ्ट पार पडायला हवी. प्रिसेप्टर विचार बघते, कारण ती शेजारी उभी असते. एज्युकेटर पुढची दोन वर्षं बघते. मॅनेजरच्या डोळ्यासमोर नोकरी सोडून जाणाऱ्यांची यादी असते. नर्सिंगच्या अभ्यासक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं होतं की शाळेने शिकवलेली मूल्यं आणि वॉर्डाने मागितलेला वेग यांच्या धडकेत नव्या नर्स सापडतात. ही धडक पद्धत कोणतीही असली तरी बसते. फक्त पीबीएलच्या मुलीला ती ‘का’ या शब्दावर बसते.

शाळा आणि रुग्णालय यांच्यातली दरी किती रुंद आहे याचा अमेरिकेतला एक आकडा मला कायम आठवतो. तिथल्या ॲडव्हायझरी बोर्ड या सल्लागार संस्थेच्या नर्सिंग केंद्राने २००८ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत जवळजवळ ९० टक्के नर्सिंग शिक्षणप्रमुखांना आपले विद्यार्थी सुरक्षित सेवा द्यायला पूर्ण तयार वाटत होते, आणि रुग्णालयांच्या नर्सिंगप्रमुखांपैकी जेमतेम १० टक्क्यांना तसं वाटत होतं. ही पाहणी पीबीएलवर नव्हती, सगळ्याच नव्या नर्सबद्दल होती. म्हणून पीबीएलच्या नर्सबद्दल तक्रार आली की मी आधी हे तपासते की ही तक्रार नवखेपणाची आहे की पद्धतीची. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या, नवशिकीपासून तज्ज्ञ नर्सपर्यंतच्या पाच पायऱ्यांवर नुकती पदवीधर झालेली नर्स फार तर दुसरीवर असते. प्राधान्यक्रम ठरवता न येणं हे त्या पायरीचं लक्षणच आहे. पारंपरिक पद्धतीची आमची दुसरी नवी नर्सही त्यात अडखळत होती. तिचे हात भरभर चालत असल्यामुळे ते झाकलं जात होतं.

या हिशेबाने मी हिच्याबद्दलच्या तक्रारी वेगळ्या केल्या. औषधांना उशीर, काम सोपवता न येणं, स्टूल सॉफ्टनरसाठी फोन : नवखेपणा. कॅथेटर आणि आय.व्ही.चा सराव कमी असणं, चेस्ट ट्यूबचं भगदाड : हे तिच्या शिक्षणातून आलेलं. दोन्हींवर उपाय वेगळे लागतात.

आणि आमच्या फॉर्मचं काय? त्यात त्या रात्रीसाठी एकही रकाना नव्हता. रुग्णाचा जीव वाचवणारं काम आमच्या मूल्यमापनात नोंदवायची सोयच नव्हती. मला याचा मनापासून संताप आला, आणि अजूनही येतो. जे मोजलं जात नाही त्याची वॉर्डात किंमत राहत नाही, आणि मग विचार करणाऱ्या मुली दोन वर्षांत ‘का’ विचारणं सोडून देतात.

आम्ही काय केलं

प्रोबेशन चालू ठेवलं आणि प्रिसेप्टरबरोबरचा काळ वाढवला. एज्युकेटरने तिला स्किल्स लॅबमध्ये आय.व्ही., कॅथेटर आणि चेस्ट ड्रेनचा रीतसर सराव दिला. यात ‘शोधून ये’ असं काही ठेवलं नाही. दाखवलं, करून घेतलं, पुन्हा करून घेतलं. काही गोष्टी हातांनीच शिकायच्या असतात, आणि त्याबाबतीत महाराष्ट्रातलं रिटर्न डेमॉन्स्ट्रेशन मला आजही उत्तम वाटतं.

रुग्णांची संख्या दोनावरून तीन, मग चार अशी चढवली. हँडओव्हर झाल्यावर पाच मिनिटं चार्ज नर्सजवळ बसायचं आणि तिने सांगायचं : आज कोणाकडे आधी जाणार, काय उशिरा झालं तरी चालेल, काय दुसऱ्या कोणाला सांगणार. ही कल्पना चार्ज नर्सचीच. वर्षानुवर्षं डोक्यात चालणारा हिशेब तिने पहिल्यांदा कोणासाठी तरी मोठ्याने बोलून दाखवला. हिला ते लगेच कळलं, कारण समस्या मांडून विचार करायची सवय होतीच, फक्त पाच रुग्ण मिळून एक समस्या होते हे तिला कोणी दाखवलं नव्हतं.

फॉर्मही बदलला. क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये क्लिनिकल निर्णयाचे चार भाग मांडले होते : खूण टिपणं, तिचा अर्थ लावणं, कृती करणं आणि मागे वळून पाहणं. कौशल्यांच्या यादीखाली हे चार भाग टाकले, आणि प्रत्येकासाठी प्रत्यक्ष घडलेला एक प्रसंग लिहायचा नियम केला. ‘चांगलं’, ‘ठीक’ असले शेरे चालणार नाहीत असं ठरवलं.

मेटोप्रोलॉलची गोष्ट या नव्या फॉर्मवर लिहितानाच मी तिला विचारलं, हे कुठून सुचलं? दुसऱ्या वर्षाच्या गटात एक समस्या होती, असं ती म्हणाली. बीटा ब्लॉकर घेणारा एक म्हातारा शेतकरी, आतून रक्तस्राव होतोय आणि नाडी काही वाढत नाही. गटातल्या सगळ्यांनी त्याला ‘स्थिर’ ठरवलं आणि पुढच्या पानावर तो कोसळला. ट्युटरने काही सांगितलं नाही. कुठे चुकलं हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं. औषधशास्त्राच्या लेक्चरमध्ये हे वाक्य मीही लिहून घेतलेलं आहे. रात्री अकरा वाजता पाच रुग्णांच्या धावपळीत ते आपसूक वर येणं ही वेगळी गोष्ट आहे.

तिसऱ्या महिन्यात ती चार रुग्ण वेळेत सांभाळत होती. सहाव्या महिन्यात पाच. चार्टिंग अजूनही सविस्तर, कधीकधी गरजेपेक्षा जास्त. फार्मसीचे फोन कमी झाले. सहा महिन्यांच्या अभिप्रायात चार्ज नर्सने लिहिलं, ‘वेग सरासरी. माझ्या शिफ्टला अवघड रुग्ण हिला देते.’ आम्ही तिला कायम केलं.

विद्यापीठाला आणि तिकडे महाराष्ट्रात

एका नर्सवरून पद्धतीवर निकाल देता येत नाही. तिची स्वतःची वृत्ती, तिला मिळालेला ट्युटर, आमच्याकडची प्रिसेप्टर, यांतलं काही वेगळं असतं तर प्रकरणही वेगळं झालं असतं. योजनेने दिलेला जास्तीचा वेळ तर यातला सर्वांत मोठा घटक. ज्या वॉर्डात नवी नर्स दुसऱ्या आठवड्यापासून संख्येत धरली जाते तिथे मालकाचं पीबीएलबद्दलचं मत वाईटच होणार, आणि त्यात पद्धतीचा दोष थोडा असेल.

तरी विद्यापीठाला आम्ही लेखी कळवलं. सर्जिकल वॉर्डातल्या रोजच्या उपकरणांवर समस्या तयार करा. गटाने काय शिकलं याबरोबर काय राहिलं याची नोंद ठेवा आणि ती शेवटच्या वर्षात भरून काढा. एका वेळी अनेक रुग्णांची समस्या द्या. आणि पदवीबरोबर विद्यार्थ्याने ही राहिलेली यादी नोकरीच्या ठिकाणी आणावी, ती लपवू नये. शेवटच्या सूचनेवर त्यांनी हरकत घेतली. नोकरी मिळण्यात मुलींचं नुकसान होईल, असं त्यांचं म्हणणं. ती भीती खोटी नाही.

भारतात नर्सिंग कौन्सिलने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम आठ सेमिस्टरचा आणि क्षमताधारित केला. सिम्युलेशनला त्यात रीतसर जागा आहे. तो पूर्णपणे पीबीएल नाही, पण त्यातून येणाऱ्या मुली आधीच्यांपेक्षा वेगळं विचारतील. पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या, कोल्हापूरच्या रुग्णालयांतल्या नर्सिंग सुपरिंटेंडेंटना माझी विनंती आहे की त्यांचा ओरिएंटेशनचा फॉर्म आधी काढून बघावा. त्यात सहीच्या रकान्यांशिवाय दुसरं काही आहे का, आणि रात्रीच्या शिफ्टच्या इन-चार्ज सिस्टरला त्यावर चार ओळी लिहायला वेळ मिळतो का. आमच्याकडे तो वेळ काढायला प्रत्येक नव्या नर्समागे महिन्याला एक तास इन-चार्जच्या कामातून कमी करावा लागला, आणि त्यासाठी वरच्या कार्यालयाशी बरंच भांडावं लागलं.